स्पेक्ट्रोमीटरच्या रेषा, लोखंडाचा अणू आणि ऑपरेटरचं डोमेन: नुसतं 'सिमेट्रिक' का पुरत नाही?

उद्यमबाग_लॅब

नमस्कार मंडळी. मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत लॅब बघतो. भट्टीतून सॅम्पल आलं की घासून स्पेक्ट्रोमीटरवर ठेवायचं, आर्गॉनमध्ये ठिणगी पडते आणि कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, फॉस्फरस, सल्फरचे आकडे पडद्यावर येतात. कार्बन १९३.१ नॅनोमीटरच्या रेषेवर मोजतो. २०० च्या खाली हवेतला ऑक्सिजन प्रकाश खाऊन टाकतो, म्हणून तिथं आर्गॉन लागतो. हे सगळं मला पाठ आहे.

प्रश्न वेगळाच आहे. बीएस्सीला शिकलो की रेषा म्हणजे हॅमिल्टोनियन ऑपरेटरच्या (ऊर्जेसाठी फलनावर चालवायच्या क्रियेच्या) दोन आयगेनव्हॅल्यूंमधला, म्हणजे दोन ठरावीक ऊर्जांमधला, फरक. हायड्रोजनला ते कागदावर सुटतं. पण माझ्या सॅम्पलमध्ये मुख्यतः लोखंड आहे, २६ इलेक्ट्रॉनचं. त्याचं समीकरण अजून कुणी नेमकं सोडवलेलं नाही. मग त्याला अशा ठरावीक पातळ्या असतातच, हे कशावरून सांगायचं?

दुसरं म्हणजे, सध्या थोडं वरच्या पातळीचं क्वांटम वाचायलोय. तिथं पानोपानी लिहिलंय की ऑपरेटर सेल्फ-अ‍ॅडजॉइंट पाहिजे, सिमेट्रिक असून भागत नाही. आम्हाला कॉलेजात 'हर्मिशियन' एवढा एकच शब्द होता. हा फरक खरोखर भौतिकीचा आहे की गणितवाल्यांचा काटेकोरपणा? समजंना झालंय. जाणकारांनी सांगा की.

टिळकवाडी_गणित

दादा, प्रश्न फार चांगला विचारलात. मी इथल्याच कॉलेजात बीएस्सीला गणित शिकवते. दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण पहिल्याचं उत्तर त्याच्यातच आहे.

संवेगाचा ऑपरेटर घ्या: डेरिव्हेटिव्ह घ्यायचा आणि उणे आयने गुणायचं. तो शून्य ते एक एवढ्याच लांबीवर चालवायचा. फलनं दोन्ही टोकांना शून्य होतात असं मानलं, की पार्ट्सने इंटिग्रेशन करताना टोकांच्या पदांचा निकाल लागतो आणि ऑपरेटर सिमेट्रिक ठरतो, म्हणजे दोन फलनांच्या गुणाकाराच्या इंटिग्रलमध्ये तो एकावरून दुसऱ्यावर सरकवला तरी उत्तर तेच येतं. कॉलेजात आपण इथंच थांबतो आणि 'हर्मिशियन आहे' असं लिहून मोकळे होतो.

आता त्याच्या आयगेनव्हॅल्यू शोधा. आयगेनफलन व्हायला एक्स्पोनेन्शियलच पाहिजे, आणि एक्स्पोनेन्शियल कुठंही शून्य होत नाही. म्हणजे टोकाची अट पाळणारं एकही आयगेनफलन नाही. एकही नाही! उलट याच ऑपरेटरचा अ‍ॅडजॉइंट (असं सरकवल्यावर दुसऱ्या फलनावर येणारा ऑपरेटर) घेतला तर त्याच्यावर टोकाची कसलीच अट उरत नाही, आणि प्रत्येक कॉम्प्लेक्स संख्या त्याची आयगेनव्हॅल्यू होऊन बसते. एका बाजूला काहीच नाही आणि दुसऱ्या बाजूला सगळंच आहे. मोजमापाचं उत्तर वास्तव संख्या यायला हवं, ही अपेक्षा दोन्हीकडे मोडली.

दुरुस्ती अशी की अट सैल करायची, पण बेतानं. दोन्ही टोकांना शून्य, असं म्हणायचं नाही. उजव्या टोकाची किंमत ही डाव्या टोकाच्या किमतीला थीटा कोनाच्या फेजने गुणून मिळते, एवढंच म्हणायचं. मग ऑपरेटर आणि अ‍ॅडजॉइंट यांची डोमेन, म्हणजे ज्या फलनांवर ते लागू होतात ते संच, तंतोतंत जुळतात. त्यालाच सेल्फ-अ‍ॅडजॉइंट म्हणतात. आयगेनव्हॅल्यू मिळतात थीटा अधिक दोन पायच्या पूर्णांक पटी.

थीटा बदलला की अख्खा स्पेक्ट्रम, म्हणजे मोजमापाच्या शक्य उत्तरांचा संच, सरकतो. डेरिव्हेटिव्ह तोच, सूत्र तेच, फक्त डोमेन वेगळं, आणि तरी मोजमापाची उत्तरं वेगळी. 'हा ऑपरेटर' असं म्हणताना सूत्राबरोबर डोमेनही सांगावं लागतं, ते याचसाठी.

खानापूरकर

ताई, गणित पटलं. तरी इंजिनिअर म्हणून विचारतो. सीमेवरची अट काय घ्यायची हे आम्हाला प्रत्यक्ष वस्तू बघून कळतंच. मिरजेत तंबोऱ्याची तार दोन्हीकडून पक्की धरलेली असते, तेव्हा स्वर एक, दोन, तीन पटीत येतात. एक टोक मोकळं सोडता आलं असतं तर एक, तीन, पाच असे आले असते. हे कुठल्याही इंजिनिअरला माहीत आहे, त्यासाठी हिल्बर्ट स्पेसची (वर्गाचा इंटिग्रल मर्यादित असलेल्या फलनांच्या अवकाशाची) गरज नाही. तुमच्या थीटाला प्रत्यक्षात काही अर्थ आहे का? का तो कागदावरचाच?

निपाणीकर_धारवाडात

खानापूरकर सर, थीटाला अगदी सरळ अर्थ आहे. तो रेषाखंड वाकवून दोन्ही टोकं जोडा. आता ती कडी झाली. कडीच्या मधल्या पोकळीतून चुंबकीय फ्लक्स सोडला की कडीवरच्या इलेक्ट्रॉनला चुंबकीय क्षेत्र कुठंच लागत नाही, तरी एक फेरी मारल्यावर त्याची फेज बदलते. तोच थीटा. अहारोनोव्ह आणि बोम यांनी १९५९ मध्ये हा परिणाम मांडला आणि नंतर तो प्रयोगांत दिसला. म्हणजे डोमेन निवडणं म्हणजे किती फ्लक्स आहे ते सांगणं.

तारेच्या उदाहरणात अट बघून ठरवता येते, हे बरोबर. पण प्रत्येक वेळी अट उपलब्ध असतेच असं नाही. संवेग शून्यापासून अनंतापर्यंतच्या अर्ध्या रेषेवर घ्या. तिथं कुठलीही अट लावा, सेल्फ-अ‍ॅडजॉइंट होत नाही. कारण ओळखीचं आहे: संवेग म्हणजे सरकवणं. उजवीकडे सरकवलं तर फलन शाबूत राहतं. डावीकडे सरकवलं तर शून्यापाशी त्याचा भाग कापला जातो, एकूण संभाव्यता घटते. स्टोननं १९३० मध्ये मांडलेलं प्रमेय हेच सांगतं की संभाव्यता दोन्ही दिशांनी जपणारी उत्क्रांती आणि सेल्फ-अ‍ॅडजॉइंट ऑपरेटर यांची जोडी एकास एक आहे. हॅमिल्टोनियन नुसता सिमेट्रिक असेल तर श्रोडिंगरचं समीकरण उद्या काय होणार हे ठरवूच शकत नाही. मला तरी यापेक्षा भौतिक कारण दुसरं दिसत नाही.

कॅम्प_निवृत्त

तुम्ही तरुण मंडळी हे मराठीत लिहिताय याचा फार आनंद झाला. आमच्या वेळी मराठी माध्यमातून एसएसएलसी (शालान्त परीक्षा) होऊन पीयूसीला (पदवीपूर्व वर्गाला) गेलं की विज्ञान एकदम इंग्रजीत अंगावर यायचं, आणि मग विषय समजण्याऐवजी वाक्यं पाठ व्हायची. याच जिल्ह्यातल्या गोकाक तालुक्यातले, ममदापूरचे डी. सी. पावटे केंब्रिजला जाऊन रँग्लर झाले आणि पुढे धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचे कुलगुरू झाले. गणित हा विषय इथल्या मातीला परका नाही, हे मी शिकवताना मुलांना नेहमी सांगत असे.

इतिहासाची थोडी भर घालतो. क्वांटम मेकॅनिक्स जन्माला येण्याआधीच यातलं बरंच गणित तयार होतं. १९१० मध्ये हेलिंगर आणि टॉप्लिट्झ यांनी दाखवलं की सगळ्या हिल्बर्ट स्पेसवर लागू असणारा सिमेट्रिक ऑपरेटर हा बाउंडेडच असतो, म्हणजे फलनाला एका ठरावीक पटीपेक्षा जास्त मोठं करत नाही. याचा उलटा अर्थ बघा. ऊर्जा कितीही मोठी होऊ शकते, म्हणजे ऊर्जेचा ऑपरेटर अनबाउंडेड. मग तो सगळ्या फलनांवर लागूच होऊ शकत नाही. डोमेनचा प्रश्न कुणी हौसेनं उकरून काढलेला नाही.

त्याच वर्षी हरमान वाइल यांनी डिफरन्शियल समीकरणाच्या टोकाला अट लागते की नाही, याची कसोटी दिली. १९२९-३० मध्ये फॉन नॉयमननं अनबाउंडेड सेल्फ-अ‍ॅडजॉइंट ऑपरेटरांचा पूर्ण सिद्धांत उभा केला. पण खऱ्या अणूचा हॅमिल्टोनियन त्या सिद्धांतात बसतो का, हे मात्र तेव्हा कुणी सिद्ध केलं नव्हतं. ते काम टोसिओ काटो यांनी केलं. त्यांनी लेख पाठवला १९४८ मध्ये आणि तो छापून आला १९५१ मध्ये.

उद्यमबाग_लॅब

काका, नमस्कार. म्हणजे श्रोडिंगरच्या समीकरणानंतर पंचवीस वर्षं लोक हिशोब करत होते आणि त्या हिशोबाला पाया आहे हे १९५१ ला छापून आलं? लोखंडालाही लागू होतं का ते? आणि कसं सिद्ध केलं, मला झेपेल असं कुणी सांगेल काय? इलेक्ट्रॉन केंद्रकात का पडत नाही याचं उत्तर आम्हाला 'अनिश्चिततेचा नियम' असं दिलं होतं. तेवढ्यानं भागतं का?

निपाणीकर_धारवाडात

दादा, लोखंडाला लागू होतं, आणि सिद्धतेचा गाभा तुम्हाला नक्की झेपेल. जरा लांब लिहितो.

आधी इलेक्ट्रॉन पडण्याबद्दल. हायझेनबर्गची असमानता एकटी पुरत नाही. समजा फलनाचा एक तुकडा केंद्रकाच्या अगदी जवळ आहे आणि दुसरा छोटा तुकडा खूप लांब. स्थानाची अनिश्चितता त्या लांबच्या तुकड्यामुळे मोठी राहते, असमानता पाळली जाते, आणि जवळचा तुकडा केंद्रकाकडे दाबायला कुणाची आडकाठी उरत नाही. खरी आडकाठी हार्डीची असमानता करते. तीन मितींमध्ये, फलनाला केंद्रकापासूनच्या अंतराने भागा, वर्ग करून इंटिग्रेट करा. जे येईल ते ग्रेडियंटच्या वर्गाच्या इंटिग्रलच्या चौपटीपेक्षा कधीच मोठं नसतं. म्हणजे केंद्रकाजवळ जायचं तर गतिज ऊर्जा मोजावीच लागते, आणि ती अंतराच्या वर्गाच्या व्यस्तात वाढते. कूलॉमचं आकर्षण मात्र अंतराच्या व्यस्तातच वाढतं, म्हणून शेवटी गतिज ऊर्जा जिंकते. एवढ्यावरून हायड्रोजनचा हिशोब केला तर ऊर्जा -५४.४ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या खाली जाऊ शकत नाही असं निघतं. खरा आकडा -१३.६ आहे. चौपट ढिलाई आहे, पण तळ आहे हे नक्की झालं.

आता काटो. आधी १९३९ मध्ये रेलिख यांनी एक प्रमेय दिलं होतं. ज्याचं सेल्फ-अ‍ॅडजॉइंट असणं माहीत आहे अशा ऑपरेटरमध्ये दुसरा सिमेट्रिक ऑपरेटर मिळवला आणि दुसरा पहिल्याच्या तुलनेत 'लहान' असला, तर बेरीजही सेल्फ-अ‍ॅडजॉइंट राहते, आणि डोमेनही पहिल्याचंच राहतं. लहान म्हणजे काय? फलनावर दोन्ही चालवून मिळणाऱ्या फलनांचा नॉर्म (वर्गाच्या इंटिग्रलचं वर्गमूळ) बघा: दुसऱ्याचा नॉर्म हा पहिल्याच्या नॉर्मचा एकापेक्षा कमी असा काही अंश, अधिक मूळ फलनाच्या नॉर्मची कितीही मोठी पट, याच्या आत बसला पाहिजे.

पहिला ऑपरेटर आपला लाप्लासियन, म्हणजे गतिज ऊर्जा. फूरिये रूपांतर केलं की तो नुसता गुणाकार होतो, त्याचं सेल्फ-अ‍ॅडजॉइंट असणं उघड आहे. दुसरा कूलॉम पोटेन्शियल. हार्डी म्हणतो की कूलॉम पद ग्रेडियंटच्या दुपटीत बसतं. ग्रेडियंटच्या नॉर्मचा वर्ग हा फलनाचा नॉर्म गुणिले लाप्लासियनचा नॉर्म याच्या आत असतो. आणि अशा गुणाकाराला आपण हवं तसं वाटून घेऊ शकतो: लाप्लासियनच्या वाट्याला अगदी कमी, फलनाच्या वाट्याला खूप जास्त. म्हणजे तो 'अंश' आपल्याला वाटेल तेवढा लहान करता येतो. रेलिखला एकापेक्षा कमी हवा होता, आपल्याकडे शून्याच्या कितीही जवळ आहे.

लोखंडात केंद्रकाचं आकर्षण २६ वेळा येतं आणि इलेक्ट्रॉनांच्या जोड्यांचं अपकर्षण २६ गुणिले २५ भागिले २, म्हणजे ३२५ वेळा. एकूण ३५१ पदं. जोडीच्या पदासाठी दुसरा इलेक्ट्रॉन जागेवर धरून पहिल्याच्या चलात हार्डी लावायची. प्रत्येक पदाचा अंश इतका लहान घ्या की ३५१ ची बेरीजसुद्धा एकाच्या आत राहील. झालं. इथं केंद्रक स्थिर धरलंय आणि सापेक्षता धरलेली नाही, पण तेवढ्या चौकटीत लोखंडाचा हॅमिल्टोनियन एक आणि एकच आहे, त्याचा स्पेक्ट्रम वास्तव आहे आणि त्याला तळ आहे. समीकरण सोडवता न येताच हे कळलं. मला हे या विषयातलं सगळ्यात सुंदर काम वाटतं.

खानापूरकर

हे आवडलं. कूलॉम असल्यामुळे निभावलं, असं दिसतंय. आकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्तात असतं तर?

निपाणीकर_धारवाडात

तर हार्डीशी बरोबरी झाली असती आणि सगळं गुणकावर अवलंबून राहिलं असतं. उणे लाप्लासियन अधिक 'गुणक भागिले अंतराचा वर्ग' असा ऑपरेटर घ्या. गुणक उणे पावाच्या खाली गेला की ऊर्जेला तळच राहत नाही, कण खरोखर पडतो. उणे पाव आणि पाऊण यांच्या मध्ये तळ असतो, पण केंद्रापाशी कुठली अट लावायची ते बाहेरून सांगावं लागतं, नाहीतर ऑपरेटर ठरत नाही. पाऊण आणि त्याच्या वर अटीची गरज उरत नाही, फलनं आपोआप केंद्रापासून दूर राहतात.

पीयूसी_ते_एमएस्सी

सर, मी आता एमएस्सी फिजिक्सला आहे. हायड्रोजनच्या त्रिज्येच्या समीकरणात आम्ही 'केंद्रापाशी फलन (तरंगफलन गुणिले अंतर) शून्य' अशी अट लावतो. पुस्तकात कारण दिलंय की तरंगफलन अनंत होता कामा नये. पण एक भागिले अंतर हे फलन केंद्रापाशी अनंत होऊनही त्याच्या वर्गाचा इंटिग्रल तिथं मर्यादितच येतो. मग ते हिल्बर्ट स्पेसमध्ये चालायला हवं. त्याला बाहेर कशासाठी काढायचं?

टिळकवाडी_गणित

शाब्बास. 'अनंत होता कामा नये' हे कारण खरंच पुरत नाही. कारण असं आहे: एक भागिले अंतर याचा लाप्लासियन घेतला की केंद्रावर डेल्टा फलन (एकाच बिंदूवर एकवटलेलं) उगवतं, आणि डेल्टा हिल्बर्ट स्पेसमध्ये नाही. म्हणून ते फलन काटोच्या डोमेनमध्ये बसत नाही. अट आपण लादत नाही, तीन मितींच्या लाप्लासियनच्या डोमेनमधूनच ती येते.

निपाणीकरांची पाऊणची कसोटी इथंही लावून बघ. कोनीय संवेग एक असताना अंतराच्या वर्गाच्या व्यस्तातल्या पदाचा गुणक दोन येतो. पाऊणपेक्षा मोठा, म्हणून अटीचा प्रश्नच नाही. कोनीय संवेग शून्य असेल तर गुणक शून्य, पाऊणपेक्षा लहान, म्हणून अट लागते. म्हणजे केंद्र बिंदूएवढं मानलं तर 'एस' (कोनीय संवेग शून्य) पातळ्यांनाच तिथं काय होतंय याची झळ लागते, 'पी'ला (कोनीय संवेग एक) नाही.

आणि ही झळ डोळ्यांना दिसते. सोडियमचा पिवळा प्रकाश, ५८९ नॅनोमीटर. हायड्रोजनमध्ये तिसऱ्या पातळीची 'एस' आणि 'पी' अवस्था जवळजवळ एकाच ऊर्जेवर असतात. सोडियमच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनला लांबून एकाच धनभाराचं कूलॉम आकर्षण दिसतं, पण आतल्या दहा इलेक्ट्रॉनांमुळे केंद्राजवळची परिस्थिती बदललेली असते. तिचा परिणाम एका बदललेल्या सीमाअटीसारखा होतो. पातळ्यांच्या सूत्रात पूर्णांकातून काही वजा करावं लागतं. 'एस'साठी साधारण १.३५, 'पी'साठी साधारण ०.८६. दोघांच्या या फरकामुळेच सुमारे २.१ इलेक्ट्रॉन-व्होल्टचं अंतर पडतं आणि पिवळी रेषा मिळते. आतल्या गाभ्याला प्रत्यक्षात आकार आहे, म्हणून 'पी'लाही झळ लागते आणि शून्यावरची अट हे मॉडेलच आहे. पण गाभ्याच्या बाहेरून बघणाऱ्याला ते छान चालतं.

खानापूरकर

आता माझी एक शंका. ठिणगीच्या वर्णपटात नुसत्या रेषा नसतात, खाली सलग उजेडही असतो. आणि रेषांनाही जाडी असते. ऑपरेटरच्या भाषेत हे कुठं बसतं?

निपाणीकर_धारवाडात

सलग उजेडाचा संबंध स्पेक्ट्रमच्या सलग भागाशी आहे. इलेक्ट्रॉन अणूपासून सुटला की त्याची ऊर्जा कितीही असू शकते. मोकळा इलेक्ट्रॉन परत पकडला गेला किंवा आयनाजवळून जाताना मंदावला की सलग प्रकाश निघतो. हा सलग भाग कुठून सुरू होतो हे झिस्लिन, फान विंटर आणि हुंझिकर यांनी १९६० च्या दशकात सिद्ध केलं: अणूतला एक इलेक्ट्रॉन काढल्यावर उरणाऱ्या आयनाच्या किमान ऊर्जेपासून. हेलियमची किमान ऊर्जा -७९.० इलेक्ट्रॉन-व्होल्ट, एक इलेक्ट्रॉन गेल्यावर उरतात -५४.४. सलग भाग तिथून वर. मधलं २४.६ चं अंतर म्हणजे आयनीकरणाची ऊर्जा.

जाडीचा भाग खोल आहे. हेलियमचे दोन्ही इलेक्ट्रॉन दुसऱ्या पातळीवर नेले आणि त्यांचं एकमेकांतलं अपकर्षण विसरलो, तर ऊर्जा येते -२७.२. ती आयगेनव्हॅल्यू आहे, पण सलग भागाच्या मधोमध रुतलेली. अपकर्षण परत चालू केलं की अशा बहुतेक आयगेनव्हॅल्यू विरघळतात: एक इलेक्ट्रॉन खाली येतो, दुसरा त्या ऊर्जेवर बाहेर फेकला जातो. मॅडन आणि कॉडलिंग यांनी १९६३ मध्ये यातली एक अवस्था तळापासून ६०.१ इलेक्ट्रॉन-व्होल्टवर शोषणात पाहिली, जाड आणि तिरकी. १९७१ मध्ये आगिलार, बाल्स्लेव्ह आणि कोंब यांनी युक्ती काढली. अंतराचं माप कॉम्प्लेक्स कोनातून फिरवायचं. सलग भाग वास्तव अक्षावरून खाली वळतो आणि त्याच्यामागे लपलेली कॉम्प्लेक्स आयगेनव्हॅल्यू उघडी पडते. तिचा वास्तव भाग रेषेची जागा सांगतो, काल्पनिक भागाची दुप्पट म्हणजे रेषेची जाडी.

साध्या रेषांचंही तत्त्वतः असंच. नुसत्या कूलॉम हॅमिल्टोनियनमध्ये उत्तेजित अवस्था कायमची टिकते, प्रकाश निघायचं कारणच नसतं. प्रकाशाचं क्षेत्र जोडलं की त्या आयगेनव्हॅल्यूही विरघळतात. अर्थात दादांच्या यंत्रावर दिसणारी जाडी मुख्यतः अणूंच्या धावपळीची, प्लाझ्मातल्या विद्युतक्षेत्रांची आणि यंत्राच्या फटीची.

उद्यमबाग_लॅब

एवढं कुणी आजवर सांगितलं नव्हतं. मंडळी, आभार. एक राहिलं. सलग भागाच्या खाली लोखंडाला किती पातळ्या? मोजता येण्यासारख्या?

टिळकवाडी_गणित

अनंत आहेत, दादा. झिस्लिन यांनी १९६० मध्ये सिद्ध केलं की कुठल्याही उदासीन अणूला आणि धन आयनाला सलग भागाच्या खाली अनंत पातळ्या असतात. कारण एक इलेक्ट्रॉन लांब गेला की त्याला मागे उरलेल्या भागाचा किमान एक धनभार दिसतो, आणि कूलॉमचं आकर्षण इतक्या लांबवर पोचतं की त्यात अनंत पातळ्या मावतात.

यंत्रावर मात्र त्या सगळ्या दिसणार नाहीत. वरच्या पातळ्यांमधलं अंतर झपाट्यानं कमी होतं आणि त्या अवस्थांचा आकार फार मोठा असतो. शेजारच्या आयनांच्या विद्युतक्षेत्रामुळे त्या रुंद होतात आणि एकमेकींत मिसळतात. प्लाझ्मा जितका दाट, तितक्या लवकर रेषा संपून सलग उजेड सुरू होतो. इंग्लिस आणि टेलर यांनी १९३९ मध्ये याचा हिशोब दिला: शेवटची सुटी रेषा कुठली, एवढं पाहून प्लाझ्मातल्या इलेक्ट्रॉनांची घनता काढता येते. लोखंडाच्या वर्णपटात रेषांची गर्दी फार, तिथं हे अवघड. हायड्रोजनच्या बामर मालिकेत, ६५६.३ आणि ४८६.१ पासून पुढे रेषा जवळ जवळ येत जातात, तिथं ते स्वच्छ दिसतं. एमएस्सीच्या लॅबमध्ये हायड्रोजनची नळी असेल तर पीयूसी_ते_एमएस्सी, तुला किती रेषा सुट्या दिसतात ते मोजून इथं टाक. हिशोब आपण मिळून करू.

पीयूसी_ते_एमएस्सी

नळी आहे, ताई. विभागात विचारून आधी लाल, निळी आणि जांभळ्या रेषा मोजतो. नुसत्या डोळ्यांना पुढच्या दिसणार नाहीत, म्हणून फोटो घेता येतो का तेही बघतो आणि आकडे याच धाग्यात लिहितो.